उतारा

तीस हंगाम मी उसातली साखर मोजली.
रसाची नळी पोलरीमीटरमध्ये ठेवायची,
एक डोळा मिटायचा
आणि उजेड किती वळला ते वाचायचं.
वाळव्याकडचा ऊस. जानेवारीत
बारा पॉइंट चार उतारा लागला की
फळ्यावर खडूनं लिहायचो, लांबून दिसेल असा,
आणि सगळ्या शिफ्टला पेढे.

आता मिरजेत एक पोरगी, फार तर बावीसची,
कागद पुढं करून म्हणते,
"बिरनाळे काका, तीन महिन्यांची सरासरी नऊ पॉइंट दोन."
मी सवयीनं विचारलं, गेल्या हंगामापेक्षा जास्त?
ती हसली नाही.

डॉक्टर मगदूमांनी पडद्यावर दाखवली
माझी आतली नळी. एका जागी
दोऱ्याएवढी वाट.
मला ते नवीन नव्हतं.
दर पंधरवड्याला गाळप थांबवून
इव्हॅपोरेटरच्या नळ्या आम्ही घासायचो,
आत चढलेली खपली, दगडासारखी,
कॉस्टिक उकळून, ब्रश घालून,
की पुन्हा वाफ सुरू.
"हे तसं घासता येत नाही?"
"नाही. जाळी बसवू.
पण खपली कशानं चढते ते ताटात बघा."

ताटात बघितलं.
रात्रपाळीचा चहा, दोन वाजता,
साखर चमच्यानं नाही, मुठीनं. आपल्याच कारखान्याची.
पहाटे कँटीनची भजी,
कढईत तेल कालचं, परवाचं, तेरवाचं.
दुपारी उठून भाताचा डोंगर,
कृष्णाकाठच्या भरल्या वांग्यावर बोटभर तवंग,
आणि परत आडवं.
पट्टा सांभाळायला बूट शिवणाऱ्या रामूकडं
दर मार्चअखेर एक भोक वाढवून घ्यायचो.
घरी सभासदाच्या भावातली साखर,
मुंगी लागायच्या आत पोतं संपवायचं, हा नियम.

"एकट्या साखरेवर आळ घेऊ नका," डॉक्टर म्हणाले,
"भात, मैदा, जागरण, खुर्ची,
सगळे सामील आहेत."
मला जरा बरं वाटलं.
तीस वर्षं मी साखरेचं मीठ खाल्लंय.

आई दिवस मावळायच्या आत जेवायची, जैनाचं घर.
मी तिला हसायचो.
आता राजमती सातला वाढते,
जोंधळ्याची दीड भाकरी, मेथी, वाटीभर मटकी, ताक,
आणि समोर बसते गेटवरच्या वॉचमनसारखी.
आईसुद्धा शुगरनंच गेली
हे मी सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी
मान वर न करता लिहून घेतलं.

लॅबचं एक जुनं रजिस्टर घरी राहिलंय, निम्मं कोरं.
रोज सकाळचा आकडा त्यातच लिहितो.
तारीख. वेळ. उतारा. शेरा.

परवा पुतणीचा साखरपुडा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी
मशीन म्हणालं दोनशे अकरा.
मी लिहिलं एकशे एकाहत्तर.
हात थरथरला नाही. सरावाचा हात.

एका वर्षी साहेबांनी केबिनचं दार आतून लावलं
आणि बारा पॉइंट चारचं
मी बारा पॉइंट एक केलं होतं.
पॉइंट तीन. टनामागं किती गेले
ते काट्यावर बैलगाड्या घेऊन उभ्या माणसांना
कळलं नाही.
राजमतीलाही नाही.

आकडा उतरवला म्हणून
ऊस काही फिका झाला नव्हता.

रात्री उठलो. पाणी प्यालो. दिवा लावला.
एकशे एकाहत्तरवर रेघ मारली,
शेजारी दोनशे अकरा, आणि सही.
खाडाखोड केली की सही करायची, नियमच होता तो.
शेरा: तीन जिलब्या. बासुंदी, एक वाटी. नंतर अजून अर्धी.

मग पानं उलटत मागं गेलो,
बरंच मागं,
जिथली शाई तपकिरी झालीय.
त्या आकड्याशेजारी
सही मावेल एवढी जागा आहे.